पोटाची गोळी, डोक्याची गोळी

सकाळी 8. पिंपळनेरात बाजाराच्या दिवशी शटर अर्धं वर जातं न जातं तोच चिठ्ठी पुढे येते. कडेवर मलूल पोर. "भाऊ, पोटमा पानी बी टिकत नही," आई सांगते. चिठ्ठीवर ऑन्डान्सेट्रॉन, जिभेवर विरघळणारी.

सेरोटोनिन म्हटलं की लोकांना मेंदू आठवतो. खरं तर शरीरातलं सुमारे 90 टक्के सेरोटोनिन आतड्यात असतं. आतडं बिघडलं की तिथल्या पेशी ते सोडतात, शेजारच्या मज्जातंतूच्या टोकावरच्या 5-एचटी3 रिसेप्टरवर (5-एचटी म्हणजे सेरोटोनिनच) ते बसतं आणि मेंदूकडे उलटीचा निरोप जातो. ही गोळी ती जागा आधीच अडवते. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून सीट धरावी तशी.

10.30. गर्दी. एका शिक्षिका ताईंची अर्धशिशी उठलीय, सुमाट्रिप्टान हवी. देण्याआधी विचारलं, "ताई, छातीत दुखतं का कधी? बीपी?" ही गोळी 5-एचटी1बी आणि 1डी या रिसेप्टरना चेतवते, डोक्यातल्या फुगलेल्या रक्तवाहिन्या आवळते. हृदयाच्या वाहिन्याही थोड्या आवळू शकतात, म्हणून हृदयरोग्याला ती वर्ज्य.

12. "पोऱ्या काही खात नही, भूक लागायचं औषध द्या." चिठ्ठी नाही. मागताहेत ते सायप्रोहेप्टाडीन. ते हिस्टामिनला अडवतं, 5-एचटी2 रिसेप्टरलाही. भूक वाढते, पोर पेंगतं. आधी डॉक्टरांना दाखवा म्हटलं, तर बाई रागावून पुढच्या दुकानात गेल्या. जाऊ देत.

1.30. डबा. कळण्याची भाकरी, ठेचा. सकाळ अशी सेरोटोनिनच्या गोळ्यांत गेली की जेवताना मला नेहमी रुस्तम जाल वकील आठवतात. मुंबईच्या या हृदयरोगतज्ज्ञाने 1949 साली सर्पगंधेचा रक्तदाबावरचा अनुभव ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापला आणि आपल्या वैद्यांची मुळी जगभर गेली. 1952 मध्ये स्विस कंपनीने तिच्यातून रेसरपीन वेगळं काढलं. 1955 मध्ये दिसलं, की रेसरपीन दिलं की मेंदूतला सेरोटोनिनचा साठा रिता होतो. हे औषध घेणारे काही रोगी उदास होत होतेच. मन आणि हे रसायन यांची सांगड घालायला त्यातून जोर आला. आजही ती सांगड लोक समजतात तितकी सरळ नाही.

4. कांद्याच्या शेतातून एक गडी आला, मनगट टम्म. गांधीलमाशी. तिच्या विषातही सेरोटोनिन असतं. आग होते त्यात त्याचाही वाटा. बर्फ, सेटिरिझिन, आणि दम लागला तर थेट दवाखाना, असं दोनदा बजावलं.

6.30. दिवसभरातलं खरं काम आता. साठीच्या मावशी. चिठ्ठीवर गुडघ्यासाठी ट्रॅमाडॉल आणि खोकल्याचं डेक्स्ट्रोमेथॉर्फन असलेलं सिरप. सवयीने विचारलं, "मावशी, आणखी कसली गोळी चालू शे का?" त्यांनी आजूबाजूला पाहिलं, कमरेची पिशवी सोडली आणि चुरगळलेली स्ट्रिप दाखवली. एस्सिटॅलोप्रॅम, धुळ्याच्या डॉक्टरांनी दिलेली. "डोकानी गोळी शे. सुनले सांगू नका."

गुडघ्याच्या डॉक्टरांनाही त्यांनी सांगितलं नव्हतं. एस्सिटॅलोप्रॅम सेरोटोनिन पेशीत परत जाऊ देत नाही. ट्रॅमाडॉल आणि डेक्स्ट्रोमेथॉर्फनही थोडंफार तेच करतात. सेरोटोनिनचे रिसेप्टर चौदा प्रकारचे. त्यातलं 5-एचटी3 तेवढं सरळ दार. उघडलं की सोडियम, कॅल्शियम आत. बाकीचे जी-प्रोटीनच्या हातून निरोप धाडतात. 1ए पेशीतलं सायक्लिक एएमपी हे निरोप्या रसायन उतरवतो, 4 नंबरचा चढवतो, 2ए पेशीत साठलेलं कॅल्शियम मोकळं करतो. सेरोटोनिन फार साचलं की 2ए आणि 1ए अति चेततात: घाम, थरथर, पाय झटके मारू लागतात, ताप चढतो. हे जिवावरही बेततं. अशा वेळी रुग्णालयात उतारा म्हणून कधी सायप्रोहेप्टाडीन देतात. दुपारी भुकेसाठी मागितलं तेच!

"हात थरथरतात का?" नाही म्हणाल्या. गुडघ्याच्या डॉक्टरांना फोन लावला. सुरुवातीला आवाज चढला ("तुम्ही द्या हो"), मग मी एस्सिटॅलोप्रॅमचं नाव घेतलं. क्षणभर गप्प. पॅरासिटामॉल द्या, सिरप बदला, म्हणाले. चुकीचं तरी काय म्हणू त्यांना? त्यांच्यासमोर ती स्ट्रिप आलीच नव्हती.

मावशींना एवढंच सांगितलं, की डोक्याची गोळी मनाने बंद करायची नाही. "पोट मळमळस तिनाघाई," त्या म्हणाल्या. आतड्यातल्या त्याच 5-एचटी3ची करामत. पहिले काही दिवस होतं, जेवणानंतर घ्या म्हटलं. मन हलकं व्हायला दोन ते चार आठवडे लागतात, तेही सांगितलं.

9.30. ट्रॅमाडॉलसारख्या औषधांच्या विक्रीची नोंद ठेवणारं एच1 रजिस्टर भरलं. ते तीन वर्षं जपून ठेवावं लागतं. आज त्यात ट्रॅमाडॉलची एकही नोंद नाही.