उसन्या गीताचे अर्थांतर : ‘टॉकिंग हेड्स’ची दुसरी ध्वनिमुद्रिका

भाषांतरित कृतीचे मोल केवळ मूळ कृतीशी असलेल्या निष्ठेवरून ठरवण्याची सवय तौलनिक साहित्याभ्यासाने बरीच मागे टाकली आहे. नव्या परंपरेत त्या कृतीला कोणते स्थान मिळते आणि शेजारच्या कृतींशी तिचे कोणते नाते जुळते, हे प्रश्न आता अधिक महत्त्वाचे मानले जातात. गीताच्या क्षेत्रातही ते तितकेच लागू पडतात. ‘टॉकिंग हेड्स’ या अमेरिकन न्यू वेव बँडची ‘मोअर साँग्ज अबाउट बिल्डिंग्ज अँड फूड’ (१९७८) ही दुसरी ध्वनिमुद्रिका त्याचे बोलके उदाहरण होय.

ब्रायन ईनो यांच्या निर्मितीखाली बहामा बेटांवरील नसाऊ येथे ध्वनिमुद्रित झालेल्या या संग्रहात अकरा गीते आहेत. इमारती आणि अन्न यांचा शीर्षकातील उल्लेखच रॉक संगीतातील उदात्त प्रेमविषयांना बगल देतो. ‘फाउंड अ जॉब’मध्ये दूरचित्रवाणीवरून भांडणारे जोडपे अखेर स्वतःच कार्यक्रम रचू लागते. डेव्हिड बर्न यांचा गायनस्वर कोरडा, अस्वस्थ आणि भावनेपासून अंतर राखणारा आहे.

दहावे गीत, ‘टेक मी टू द रिव्हर’, हे मात्र उसने आहे. अल ग्रीन आणि टीनी हॉजेस यांनी रचलेले हे गीत १९७४ मध्ये ग्रीन यांच्या आवाजात प्रसिद्ध झाले. त्यातील नदीकडे नेण्याची विनवणी शृंगाराची आहे, तशीच बाप्तिस्म्याचीही. आफ्रिकन-अमेरिकन चर्चच्या परंपरेत वाढलेल्या श्रोत्याला हे दोन्ही अर्थ एकत्रच ऐकू येतात. ग्रीन स्वतः पुढे मेम्फिसमध्ये धर्मोपदेशक झाले. मूळ ध्वनिमुद्रणाच्या आरंभी ते दिवंगत ब्लूज गायक लिटल ज्युनियर पार्कर यांना गीत अर्पण करतात.

‘टॉकिंग हेड्स’नी लय संथ केली आणि ही अर्पणोक्ती गाळली. शब्द राहिले, वंशावळ मात्र पुसली गेली. हे गीत १९७९ मध्ये अमेरिकेच्या ‘बिलबोर्ड’ यादीत २६ व्या स्थानी पोहोचले. कृष्णवर्णीयांच्या धार्मिक-सांगीतिक वारशाचे श्वेतवर्णीय गायक-वादकांनी केलेले हे रूपांतर सत्तेच्या विषम संबंधांपासून अलिप्त मानता येत नाही.

तथापि एवढ्यावरच थांबल्यास संग्रहाची रचना नजरेआड होते. लगेच येणाऱ्या ‘द बिग कंट्री’ या अखेरच्या गीतात निवेदक विमानातून खालची शेते, घरे, मैदाने न्याहाळतो आणि तिथले जगणे नाकारतो. एका गीतात बुडून जाण्याची आस, तर दुसऱ्यात उंचावरून पाहण्याची अलिप्तता! बँडच्या स्वतःच्या गीतांतील निवेदकाला जी शरणागती उच्चारता येत नाही, ती तो दुसऱ्याच्या शब्दांत उच्चारतो. रूपांतराने मूळ श्रद्धा सोबत आणली नाही. तिची उणीव मात्र ऐकू येईल अशी केली. या गीताचे अर्थांतर शब्दांतून नव्हे, तर स्वर आणि अनुक्रम यांतून घडले आहे.