मेरी सेलेस्टवरचा गरम चहा

भर समुद्रात एक जहाज सापडतं. वर माणूस नाही, पण टेबलावर वाफाळता चहा आणि अर्धवट खाल्लेली न्याहारी! ‘मेरी सेलेस्ट’ची ही गोष्ट तुम्ही कधीतरी ऐकली असेलच. मीही मुलांना रंगवून सांगितली आहे. पण मैत्रिणींनो, तो चहा नव्हताच. जे खरोखर होतं, ते मला त्या चहापेक्षा जास्त चटका लावून गेलं.

हे दोन डोलकाठ्यांचं शिडाचं जहाज. न्यूयॉर्कहून इटलीतल्या जिनोआला जायला १८७२ च्या ७ नोव्हेंबरला ते खुल्या समुद्राला लागलं. पोटात अल्कोहोलची १७०१ पिंपं. वर कप्तान बेंजामिन ब्रिग्ज, सात खलाशी, कप्तानाची बायको सारा आणि दोन वर्षांची सोफिया. नवरा महिनोन्‌महिने दर्यावर, तेव्हा कप्तानांच्या बायका कधीकधी बिऱ्हाडच जहाजावर हलवत. सारानं आपली पायपेटी घेतली, शिवणयंत्र घेतलं. सात वर्षांच्या आर्थरला मात्र मॅरियन गावी सासूबाईंपाशी ठेवलं, शाळा बुडू नये म्हणून. आपण तरी दुसरं काय केलं असतं? निघता निघता तिनं सासूबाईंना पत्र लिहिलं. आर्थरच्या पत्राची वाट बघते, असा त्यात निरोप होता.

४ डिसेंबरला अझोर्स बेटं आणि पोर्तुगाल यांच्यामध्ये दुसऱ्या एका जहाजाच्या लोकांना ‘मेरी सेलेस्ट’ भरकटताना दिसलं. चढून पाहतात तर चिटपाखरू नाही! तळात साडेतीन फूट पाणी होतं, पण तेवढ्यानं असलं जहाज बुडत नाही. सहा महिन्यांचा शिधा शाबूत. शिजवलेलं अन्न मात्र कुठंच नाही. कप्तानाच्या खोलीत सगळं ओलं झालेलं. पायपेटी होती, शिवणयंत्र होतं. अंथरूण आवरलेलं नव्हतं, आणि त्यावर लहान मूल निजून उठावं तसा खळगा होता. जहाजावर चढलेल्या अधिकाऱ्यानं जिब्राल्टरच्या कोर्टात हे शपथेवर सांगितलं.

नव्हती ती होडी. दिशा आणि वेळ पाहायची उपकरणं नव्हती, जहाजाचे कागद नव्हते. पाटीवरची शेवटची नोंद २५ नोव्हेंबरची, सांता मारिया बेटाजवळची.

कोर्टात सरकारी वकिलाला खुनाचा संशय आला. एका तलवारीवर डाग होते. तपासले तर ते रक्ताचे नव्हते. मग १८८४ मध्ये कॉनन डॉयल यांनी (होय, शेरलॉक होम्सचेच!) यावर एक कथा लिहिली, आणि पुढं सांगणाऱ्यांनी आपापल्या पदरचं घालत चहा गरम केला.

खरं काय घडलं असावं? पिंपांपैकी नऊ रिकामी निघाली. स्पिरिटच्या बाटलीचं बूच सैल राहिलं तर कपाट उघडताच केवढा भपकारा येतो! इथं तर जहाजाचं बंद पोट. शिवाय दोनपैकी एक पंप उकलून ठेवलेला होता, आणि पाणी मोजायची काठी वर डेकवर पडलेली. आत पाणी किती आहे हे नीट कळेना, स्फोटाची भीती, समोर जमीन दिसतेय, तेव्हा कप्तानानं बायकोमुलीला आणि माणसांना थोड्या वेळापुरतं होडीत उतरवलं असेल. होडी दोरानं जहाजालाच बांधली असेल. वारा वाढला आणि दोर तुटला, हा तर्क मला पटतो. जहाज रिकामंच पुढं गेलं. होडी कधीच सापडली नाही.

मॅरियनमध्ये सासूबाईंचं घर समुद्रानं आधीच पोळलेलं. एक मुलगी पूर्वी जहाजाच्या अपघातात गेलेली. नवरा उभा जन्म दर्यावर काढून घरी परतला, तर १८७० मध्ये घरातच वीज पडून गेला. आणि बेंजामिनची बातमी आली त्याच हिवाळ्यात त्याचा भाऊ ऑलिव्हरही बिस्केच्या उपसागरात जहाज बुडून गेला. आर्थरला या आजीनंच वाढवलं.