बाटलीचे दाम आणि पेयाचे दाम

फैजपूर, सावदा, यावल ह्या बाजूस उन्हाळ्यात प्रवास केलेल्या वाचकांस गोटीसोड्याची बाटली निराळी सांगावयास नको. विक्रेता अंगठ्याने किंवा लाकडी दट्ट्याने गोटी आत लोटतो, फसकन आवाज होतो, आणि पिणारा गाडीपाशी उभ्या उभ्याच बाटली रिकामी करून परत देतो. ती घरी नेऊ म्हटल्यास विक्रेता बाटलीची अनामत मागतो, आणि पुष्कळदा ती रक्कम सोड्याच्या किमतीहून जास्त असते. ह्यात त्याचा लोभ नाही. बाटली त्याची आहे. आपण दाम दिले ते फक्त पाण्याचे आणि वायूचे.

ही बाटली हिरम कॉड नावाच्या इंग्रज यंत्रज्ञाने १८७२ च्या सुमारास सिद्ध केली. मानेत रबराचे कडे आणि त्याखाली काचेची गोटी. भरताना बाटली उलटी धरतात. वायूच्या दाबाने गोटी कड्यावर घट्ट बसते आणि बूच, मेण, तार ह्यांपैकी कशाचीही गरज राहत नाही. मान मध्येच चिमटल्यासारखी असते, तीही शोभेसाठी नव्हे. ओतताना गोटी त्या खाचेत अडकून राहावी व वाट मोकळी असावी, ही तिची योजना. पुढे १८९२ साली विल्यम पेंटर ह्याने अमेरिकेत पत्र्याचे दातेरी झाकण काढले. ते इतके स्वस्त निघाले की युरोपात गोटीची बाटली जवळजवळ नाहीशी झाली. आपल्याकडे ती टिकली, कारण शंभर वेळा भरता येणारी बाटली आणि गाडीपाशीच पिणारे गिऱ्हाईक ही जोडी येथे कायम राहिली.

हा साधा हिशेब ध्यानात ठेवला म्हणजे पुण्या-मुंबईकडील एका नव्या धंद्याचे कोडे उलगडते. तेथे लहान प्रमाणावर, हाताच्या निगराणीने केलेल्या बिअरला 'क्राफ्ट बिअर' असे नाव मिळाले आहे. पुण्यात २००९ साली 'डूलाली' ही महाराष्ट्रातील पहिली मायक्रोब्रुअरी निघाली. म्हणजे उपाहारगृहातच टाक्या मांडावयाच्या, तेथेच बार्लीचे माल्ट आंबवावयाचे, आणि तेथेच पेला भरून द्यावयाचा. डोंबिवलीच्या 'गेटवे' मंडळींनी पोलादी पिंपांतून मुंबईच्या उपाहारगृहांस बिअर पुरविण्याचा मार्ग धरला. ह्या दोन्ही प्रकारांत बाटली नाही हे वाचकांच्या लक्षात आले असेलच.

ज्या फैजपुरास १९३६ च्या डिसेंबरात पंडित नेहरूंच्या अध्यक्षतेखाली खेड्यातील पहिले काँग्रेस अधिवेशन भरले, त्या गावाच्या नावाबरोबर बिअरच्या बाटलीची चर्चा यावी हे कोणास खटकेल. ते साहजिक आहे. त्यानंतर तीनच वर्षांनी, १ ऑगस्ट १९३९ रोजी, काँग्रेसच्या मंत्रिमंडळाने मुंबई शहरात दारूबंदी सुरू केली, आणि १९४९ चा दारूबंदीचा कायदा आजही ह्या राज्यात अमलात आहे. परवान्यावाचून मद्य घेणे त्याच्या दृष्टीने गुन्हाच. प्रस्तुत लेखकास पेयाची भलामण करावयाची नाही. परंतु बाटलीचे अर्थशास्त्र मद्याच्या उदाहरणात जितके उघडे दिसते तितके ते खोबरेल तेलात दिसत नाही.

ही बिअर बाटलीत का भरीत नाहीत? मोठ्या कारखान्याची बिअर गाळलेली असते. भरल्यानंतर बाटलीसकट सुमारे साठ अंशांपर्यंत ऊन करून तिच्यातील जीव मारलेले असतात, म्हणून ती महिनोन्‌महिने टिकते. लहान कारखानदाराच्या बिअरीत यीस्ट बहुधा जिवंत असते आणि थंडीवाचून ती लवकर बिघडते. शिवाय प्रकाशाची बाधा आहेच. हॉप्स नावाच्या कडू फुलांतील द्रव्य उन्हात विघटते आणि पेयास दुर्गंधी येते. तपकिरी काच ती किरणे अडविते, हिरवी काच फारशी अडवीत नाही, पांढरी मुळीच नाही. बाटली भरण्याचे यंत्र, नवी काच, चिठ्ठी, झाकण, खोका, थंड गाडी, दुकानदाराचे कमिशन, ही सारी यादी पेयाच्या डोक्यावर बसते. मोठ्या कारखान्याच्या ठरावीक आकाराच्या ६५० मिलिलिटरच्या बाटल्या रद्दीवाल्यांच्या हातून परत येतात आणि धुऊन पुन्हा भरल्या जातात. लहान कारखानदाराने हौसेने निराळ्या घाटाची बाटली काढली तर ती त्याच्याकडे परत येणार कशी?

२०२० च्या मार्चात टाळेबंदी झाली आणि ह्या धंद्याचे मर्म उघडे पडले. उपाहारगृहे बंद, टाक्या भरलेल्या, आणि पेय बाहेर नेण्यास परवानगी नाही. नाशवंत माल गटारात सोडण्याची वेळ अनेकांवर आली. अखेर त्याच वर्षी राज्य सरकारने मायक्रोब्रुअरींस 'ग्राउलर'मधून बिअर घरी देण्याची मोकळीक दिली. ग्राउलर म्हणजे झाकणाचा मोठा सुरईवजा शिसा. हे नाव अमेरिकेतले. एकोणिसाव्या शतकात तेथे पत्र्याच्या डब्यातून, कित्येकदा पोरासोरांच्या हाती, गुत्त्यावरून बिअर आणवीत. त्या डब्यास ग्राउलर म्हणत. १९८९ साली वायोमिंगमधील एका लहान कारखान्याने तेच नाव अर्ध्या गॅलनच्या, म्हणजे सुमारे १.९ लिटरच्या, काचेच्या शिशास दिले. गिऱ्हाइकाने तो एकदा विकत घ्यावा, धुऊन आणावा आणि भरून न्यावा. दुधाची किटली घेऊन डेअरीवर जाणाऱ्यास ह्यात नवे काहीच वाटणार नाही!

आता मापांकडे वळू. एकाच घाटाची बाटली दुप्पट मोठी केली तर तिच्यात दुप्पट माल मावतो, पण तिचा पृष्ठभाग दुप्पट होत नाही. तो सुमारे १.५९ पट होतो. सबब तेवढाच माल दोन लहान बाटल्यांत भरावयाचा तर काच अदमासे सव्वापट लागते, आणि झाकणे दोन, चिठ्ठ्या दोन, भरण्याची वेळही दोनदा. ३३० मिलिलिटरच्या दोन बाटल्या ६५० च्या एकीपेक्षा महाग पडतात त्याचे पहिले कारण ही भूमिती होय. दुसरे कारण भूमितीत सापडत नाही. लहान बाटलीचे गिऱ्हाईक बहुधा दोन प्रकारचे असते: एक, ज्यास थोडेच हवे आहे, दुसरे, ज्याच्या खिशात थोडेच आहे. पहिला राजीखुशीने जादा देतो. दुसऱ्यास ते द्यावेच लागते.

मापांचे आकडे कोठून आले हेही पाहण्यासारखे आहे. जुन्या इंग्रजी व्यापारात गॅलनचा सहावा हिस्सा, म्हणजे सुमारे ७५८ मिलिलिटर, ही 'एक बाटली' समजत. दशमान मापे आल्यावर ती ७५० झाली. तिचा चौथा हिस्सा १८७.५ व्हावयास हवा. पण आपल्याकडील 'क्वार्टर' १८० मिलिलिटरचा. चार क्वार्टर घेणाऱ्यास पूर्ण बाटली मिळत नाही, तीस मिलिलिटर कमी मिळते. तरी सरकारचा हिशेब ह्या १८० वरच चालतो. १० जून २०२५ रोजी महाराष्ट्र मंत्रिमंडळाने १८० मिलिलिटरच्या किमान किरकोळ किमती ठरविल्या त्या अशा: देशी मद्य ८० रुपये, 'महाराष्ट्र मेड लिकर' हा नवा प्रकार १४८, भारतात बनलेले विदेशी मद्य २०५, उंची विदेशी मद्य ३६०. शंभर मिलिलिटरला हिशेब केला तर पहिले सुमारे ४४ रुपये आणि शेवटचे २०० रुपये पडते. त्याच निर्णयात भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरील शुल्क उत्पादनखर्चाच्या तिपटीवरून साडेचारपट झाले. अर्थात बाटलीत भरलेल्या द्रवाचा खर्च एक रुपया असेल तर सरकारचा वाटा साडेचार रुपये. तेव्हा अशा बाटलीचे दाम पाहून आतील मालाची प्रत ठरविणे म्हणजे पालखीची झूल पाहून देवाची परीक्षा करणे होय.

हे सर्व वाचून गृहिणी म्हणतील, आमचा ह्याच्याशी काय संबंध? संबंध मोरीतील फळीवर उभा आहे. तेल, शांपू, फिनेल, खोकल्याचे औषध, सरबत, सारी ह्याच नियमाने विकली जातात. समजा, १७० मिलिलिटर तेलाची बाटली ८५ रुपयांस आहे आणि ४५० ची १९८ रुपयांस. पहिलीत मिलिलिटरला ५० पैसे पडले, दुसरीत ४४. फरक किरकोळ वाटतो; पण आठ माणसांच्या घरात वर्षाचे सहा लिटर तेल लागत असेल तर तो ३६० रुपये होतो. एकत्र कुटुंब हे मोठ्या बाटलीचे स्वाभाविक मित्र आहे; वेगळे बिऱ्हाड करणारा मुलगा पहिल्याच महिन्यात हे शिकतो. मात्र मोठी बाटली नेहमीच स्वस्त असते असेही समजू नये. दुकानदार 'मोठा पॅक' म्हणतो तेव्हा कित्येकदा दर तोच असतो, क्वचित जास्तही. शिवाय उघडल्यावर न टिकणारे सरबत अर्धे फेकावे लागले तर त्याचा दर दुप्पट झाला.

ह्या कामी कायद्याने एक सोय केली आहे. पूर्वी कित्येक जिनसा ठरावीक वजनमापांतच बांधाव्या लागत. २०२१ च्या नोव्हेंबरात नियमांत दुरुस्ती झाली आणि ते बंधन निघाले. कारखानदारास १०० च्या जागी ९० मिलिलिटर भरण्यास वाट मोकळी झाली. त्याबरोबरच वेष्टनावर एकेका मापाचा दर छापण्याचा नियम आला: लिटरच्या आतील बाटलीवर दर मिलिलिटरचा, त्याहून मोठीवर दर लिटरचा. कमाल किमतीच्या शेजारी ही ओळ असते. अक्षरे इतकी बारीक की घरातील वडील मंडळींस चष्मा लागेल, आणि चष्मा असूनही ती बहुधा नातवाकडून वाचून घ्यावी लागेल.