विश्लेषण : जुन्या गाडीत ‘फ्युएल क्लीनर’ टाकून खरेच फायदा होतो का?

दिवाळी झाली की जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांतली अनेक कुटुंबे भिवंडी, कल्याण, वसईकडे वीटभट्टीवर किंवा बांधकामावर कामाला जातात. काही जण शिमग्याला परततात, काही थेट पावसाच्या तोंडावर. मोटरसायकल मागे राहिली असेल तर ती तोवर पडवीत उभी असते, टाकीत उरलेल्या पेट्रोलसकट. परतल्यावर किका मारून पाय दुखतो, पण गाडी काही धरत नाही. मग ‘फ्युएल सिस्टीम क्लीनर’ची बाटली पुढे येते. किंमत ब्रँडनुसार काहीशे रुपये. महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी 2025-26 साठी दिवसाला 312 रुपये होती, म्हणजे ही बाटली साधारण एक-दोन दिवसांची कमाई. ती टाकीत ओतण्याआधी थोडे समजून घेतलेले बरे.

बाटलीत असते काय?

चांगल्या क्लीनरमध्ये पॉलिइथरअमाइन नावाचे रसायन असते. इंजेक्टरच्या तोंडाशी आणि इनटेक व्हॉल्व्हवर साचलेला कार्बन ते हळूहळू सोडवते. स्वस्त बाटल्यांत मात्र बरेचदा रॉकेलच्या जातीचे द्रावकच जास्त असते. त्यामुळे लेबलवर घटक लिहिलेले नसतील, तर बाटली तिथेच ठेवावी.

या रसायनाचा उपयोग कुठे होतो? पेट्रोल इंजेक्शनच्या, लाखभर किलोमीटर पळालेल्या मोटारीत. आयडलिंगला थरथरते, पिकअप अडखळतो, प्लग आणि फिल्टर बदलूनही फरक पडत नाही, अशा गाडीत एक बाटली टाकून टाकी संपेपर्यंत चालवून पाहायला हरकत नाही. फरक दिसला तरी तो हळूहळू दिसतो. पहिल्याच वळणावर ‘गाडी हलकी झाली’ असे वाटते, ते बहुधा मनाचे समाधान.

मग उभ्या राहिलेल्या मोटरसायकलचे काय?

इथेच गडबड आहे. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 मानके आली आणि बहुतेक दुचाकींमध्ये इंजेक्शन आले. त्याआधीच्या बहुतेक गाड्यांना कार्बोरेटर आहे. गाडी महिनोन् महिने उभी राहिली की कार्बोरेटरच्या वाटीतले पेट्रोल उडून जाते आणि मागे चिकट, पिवळसर थर राहतो. जेटचे भोक केसाएवढे, ते बुजते. बुजलेल्या जेटमधून पेट्रोलच जात नसेल, तर टाकीत ओतलेले औषध तिथे पोहोचणार कसे? अशा वेळी कार्बोरेटर खोलून, स्प्रे मारून, हवेने जेट साफ करणे हाच उपाय.

दुसरा शत्रू पाणी. फेब्रुवारी 2023 पासून देशात ई20, म्हणजे 20 टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळू लागले आणि 2025 मध्ये ते जवळपास सगळीकडे पोहोचले. इथेनॉल ओलावा शोषते. थोडे पाणी ते सामावून घेते, पण झाकणाचे रबर फाटलेले असेल आणि पावसाचे पाणी आत गेले, तर एका मर्यादेनंतर पाणी आणि इथेनॉल एकत्र तळाला बसतात. कॉक तळालाच असतो, त्यामुळे इंजिनाला आधी तेच मिळते. ‘पाणी घालवणारी’ म्हणून विकली जाणारी औषधे बहुतेक अल्कोहोलचीच असतात. ज्या पेट्रोलमध्ये लिटरमागे 200 मिली अल्कोहोल आधीच आहे, त्यात आणखी चमचाभर टाकून काय साधणार? टाकी रिकामी करणे, हाच मार्ग.

रबराचेही तसेच. एप्रिल 2023 आधीच्या गाड्या ई20 साठी बनवलेल्या असतीलच असे नाही. काही जुन्या गाड्यांत 20 ते 30 हजार किमीनंतर रबरी भाग व गॅस्केट बदलावे लागू शकतात, असे पेट्रोलियम मंत्रालयानेच ऑगस्ट 2025 मध्ये म्हटले होते. फुगलेली नळी कोणतीही बाटली सरळ करत नाही. अॅव्हरेज कमी होण्यामागेही दरवेळी कचराच असतो असे नाही. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. नीती आयोगाच्या 2021 च्या अहवालात जुन्या दुचाकींसाठी 3 ते 4 टक्के, तर मोटारींसाठी 6 ते 7 टक्के घटीचा अंदाज होता.

डिझेल जीपला हेच लागू का?

इथेनॉलचा प्रश्न पेट्रोलपुरता. पण जव्हार-मोखाडा-त्र्यंबक रस्त्यावर माणसे भरून घाट चढणाऱ्या जुन्या जीपलाही पाणी तितकेच नडते. डिझेल फिल्टरच्या तळाशी पाणी काढण्याचा स्क्रू असतो. पावसाळ्यात तो आठवड्याला सैल करून पाहावा. खर्च शून्य. काळा धूर आणि ओढ कमी असेल तर नोझल काढून दुकानात तपासून घ्यावे. आणखी एक धोका : जुन्या लोखंडी टाकीत क्लीनरने सुटलेला गाळ थेट फिल्टरमध्ये येतो आणि गाडी नेमकी चढावर बंद पडते. नेटवर्क नसलेल्या घाटात, मागे पेशंट असताना हे परवडणारे नाही. म्हणून क्लीनर टाकायचाच असेल, तर सोबत नवा फिल्टर घेऊन ठेवावा.

मात्राही पाहा. मोटारीची बाटली साधारण 40 ते 60 लिटरच्या टाकीसाठी असते; 100 सीसीच्या मोटरसायकलची टाकी 10 लिटरच्या आसपास. सगळी बाटली ओतणे म्हणजे चौपट-सहापट डोस.

पेट्रोलचीच शंका असेल तर?

पंप लांब म्हणून दुकानातून बाटलीतले पेट्रोल घेतले जाते. परवान्याशिवाय अशी विक्री बेकायदा तर आहेच, शिवाय ते किती जुने, त्यात काय मिसळले, हे कळत नाही. पंपावर मात्र फिल्टर पेपरची चाचणी मागण्याचा ग्राहकाला हक्क आहे. कागदावर टाकलेला थेंब डाग न ठेवता उडून गेला पाहिजे.

आणि पुढच्या दिवाळीनंतर गाडी घरी ठेवून जायचे असेल, तर निघताना कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवावे. कार्बोरेटरची वाटी रिकामी होते. मग तिच्या खालचा ड्रेन स्क्रू सोडून उरलेले थेंब काढावेत आणि झाकणाचे रबर एकदा बोटाने चाचपून पाहावे.