हरणाऱ्याचा सूर

इंझोरीसारख्या गावात शास्त्रीय संगीत आले ते मैफलीच्या राजमार्गाने नव्हे, रेडिओवरील चित्रपटगीतांच्या आडवाटेने. पं. भीमसेन जोशी माझ्यापर्यंत पोहोचले ते असेच, 'बसंत बहार' (१९५६) मधील बसंत रागाच्या जुगलबंदीतून. शंकर-जयकिशन यांच्या या रचनेत नायकासाठी मन्ना डे गातात, प्रतिस्पर्धी गवयासाठी भीमसेन. आणि कथेच्या सोयीसाठी हरायचे असते भीमसेनांनी! या कल्पनेनेच मन्ना डे इतके धास्तावले की, ध्वनिमुद्रण उरकेपर्यंत मुंबईच सोडावी असे त्यांच्या मनात आले. ही कबुली पुढे त्यांनीच दिली. भीमसेनांनी मात्र ते हरणे मन लावून गायिले. हरायचेच आहे म्हणून एखाद्या तानेत कसर केल्याचे कानाला कोठेही जाणवत नाही.

अर्थशास्त्राच्या तासाला स्पर्धेचे गुणगान मी नित्य करतो. जिंकणाऱ्याचा नफा फळ्यावर मांडता येतो. हरणाऱ्याचे पुढे काय होते, हे अभ्यासक्रमात बसत नाही.

गेल्या वर्षी माझा एक विद्यार्थी स्पर्धा परीक्षेत तिसऱ्यांदा अपयशी ठरून गावी परतला, तोही रात्रीच्या एस.टी.ने, कोणी पाहू नये म्हणून. पारावर येणे त्याने सोडले. काय बोलावे हे न सुचून मीही कित्येक दिवस त्याच्याकडे फिरकलो नाही, हे कबूल केले पाहिजे. अखेर एका संध्याकाळी गेलो आणि भ्रमणध्वनीवर ती जुगलबंदी लावली. कोण हरतो, तेही सांगितले.

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "सर, हरणाऱ्याचा भाग पुन्हा लावा."