पुतणीची मॅरेथॉन आणि धर्मशाळेचा निधी



या पानावर मी एरवी बेणेप्रक्रिया, हुमणी किंवा खोडव्याचं खत याबद्दल लिहितो. या वेळचा विषय थोडा वेगळा आहे. मागे एका गटसभेत पाणी सोडण्याची चर्चा संपल्यावर एका वडीलधाऱ्या सभासदांनी विचारलं, "साहेब, तुमची पुतणी मुंबईत धावली आणि लोकांनी पैसे दिले म्हणे. धावल्यावर पैसे कसे काय मिळतात?" तेव्हा उभ्या उभ्या नीट उत्तर देता आलं नाही, ते आज देतो.

माझी पुतणी मुंबईत एका इस्पितळात नर्स आहे. २०१९ साली तिचे वडील, म्हणजे माझे थोरले बंधू, घशाच्या कर्करोगाने गेले. उपचारासाठी त्यांना मुंबईला नेलं तेव्हा पहिल्या अकरा रात्री आम्ही फुटपाथवर काढल्या. पुढे एका धर्मशाळेत दोन खाटा मिळाल्या आणि जिवात जीव आला. औषधाचा खर्च माणूस कसाबसा भागवतो, पण परगावच्या रोग्याला मुंबईत पाठ टेकायला जागा मिळत नाही, हे आम्ही अनुभवलं आहे. अशा रोग्यांची राहण्याची सोय करणाऱ्या एका संस्थेसाठी निधी जमवायचा, असं पोरीनं मनात घेतलं आणि जानेवारी २०२४ च्या मुंबई मॅरेथॉनला नाव दिलं. शाळेतसुद्धा ती कधी शर्यतीत धावली नव्हती.

मॅरेथॉन म्हणजे किती?

मॅरेथॉन ४२ किलोमीटर १९५ मीटरची असते. १८९६ साली अथेन्सच्या ऑलिंपिकमध्ये ती पहिल्यांदा झाली. आजचं अंतर १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमधलं असून १९२१ मध्ये ते कायम ठरलं. मुंबईची शर्यत २००४ पासून जानेवारीत होते. नंबर काढणारे त्यात थोडेच असतात. बाकीचे हजारो लोक शर्यत पुरी करायची एवढ्यासाठीच धावतात.

पैसा कसा जमतो?

शर्यतीची प्रवेश फी निराळी, ती देणगी नव्हे. शर्यतीशी अनेक सेवाभावी संस्था जोडलेल्या असतात. धावणारा त्यातली एक निवडतो आणि ओळखीपाळखीच्या लोकांना कळवतो, की मी अमुक कामासाठी धावणार आहे, तुम्ही हातभार लावा. पैसा धावणाऱ्याच्या खिशात जात नाही. तो संस्थेला जातो आणि पावती देणाऱ्याच्या नावाने निघते.

मी तिला म्हटलं होतं, "अगं, मग सरळ मागून घे की. धावायचं कशाला?" ती म्हणाली, "काका, नुसतं मागितलं तर लोक शंभर रुपये देतील आणि विसरतील. मी सहा महिने पहाटे उठते हे त्यांना दिसलं, तर ते विचारतील तरी की कशासाठी."

हे मला पटलं, कारण आपला सहकार याच वाटेनं उभा राहिला. प्रवरानगरचा कारखाना १९४८ मध्ये नोंदला गेला आणि १९५०-५१ मध्ये त्याचा पहिला गळीत हंगाम झाला. त्याआधी विठ्ठलराव विखे पाटील शेअर्स गोळा करत गावोगाव हिंडले. शेतकऱ्यानं जवळचा पैसा काढून दिला तो नुसता कागद बघून नाही. मागणारा माणूस स्वतः झिजतो आहे, हे त्याला दिसत होतं. मागणाऱ्याचे कष्ट हेच तिथं तारण होतं. पुतणीचंही तेच झालं. वॉर्डातल्या आयांपासून डॉक्टरांपर्यंत सगळ्यांनी दिलं. गावच्या दूध डेअरीवर लोकांनी वर्गणी केली. मोठी रक्कम कुणाचीच नव्हती, पण देणारे पुष्कळ होते.

अंगातल्या साखरेचा हिशेब

आता आपल्या धंद्यातली गोष्ट. ऊस कांडीत साखर साठवतो, तशी माणसाचं शरीर यकृतात आणि स्नायूंत साखर साठवतं. हा साठा साधारण ४०० ते ५०० ग्रॅमचा, म्हणजे १६०० ते २००० कॅलरींचा. धावताना दर किलोला दर किलोमीटरला अंदाजे एक कॅलरी लागते. पुतणीचं वजन ५५ किलो, म्हणजे ४२ किलोमीटरला सुमारे २३०० कॅलरी झाल्या. खर्च साठ्यापेक्षा जास्त. चरबीही जळते, पण ती सावकाश. म्हणून पुष्कळांची गाडी ३० ते ३५ किलोमीटरच्या दरम्यान अडते. पाय शिशासारखे होतात, डोकं चालत नाही.

यावर उपाय तीन. पहिला, सराव टप्प्याटप्प्यानं वाढवणं. आडसाली उसाला नत्राचा सगळा डोस आपण एकदम देत नाही, चार हप्त्यांत देतो, तसंच हे. तिनं ३ किलोमीटरपासून सुरुवात करून सहा महिन्यांत ३० गाठले. रातपाळी झाली की त्या दिवशी धावणं बंद, आधी झोप. दुसरा, शेवटचे दोन-तीन आठवडे सराव कमी करणं. तोडणीआधी आपण पाणी तोडतो ते उतारा वाढावा म्हणून, इथं अंग ताजं राहावं म्हणून. तिसरा, धावताना दर तासाला ३० ते ६० ग्रॅम साखर पोटात जाऊ देणं. पाणी मात्र तहानेपुरतंच. फार प्यालं तर रक्तातलं मीठ पातळ होऊन जिवावर बेतू शकतं. जास्त पाण्यानं पिकाचं काय होतं, ते तुम्हाला सांगायला नको.

शर्यतीचा दिवस

पहाटे अंधारात शर्यत सुटली. सागरी सेतू तिनं मजेत ओलांडला. परतताना पेडर रोडचा चढ लागला तेव्हा पस्तिसाच्या पुढचे किलोमीटर चालू होते. दुपारी तिचा फोन आला, "काका, चढावर पाय उचलेना. बाबांना घेऊन आपण फुटपाथवर बसलो होतो ते आठवलं. मी चालले, पण थांबले नाही." पाच तास अडतीस मिनिटांनी ती पोचली. दुसऱ्या दिवशी दुपारपाळीला हजर झाली, जिने उतरताना कठडा धरून!

जमलेल्या निधीतून किती खाटा झाल्या ते ती सांगत नाही. म्हणते, "माझ्या एकटीच्या पैशानं नाही होत काका, सगळ्यांचा मिळून होतो."

सभासदांना दोन सूचना. कुणी अशा कामासाठी मदत मागितली तर जरूर द्या, पण संस्था नोंदलेली आहे का, पावती मिळते का आणि पैसा कशावर खर्च होतो, हे आधी विचारा. विचारण्यात लाज नाही, वार्षिक सभेत आपण विचारतोच. आणि घरातल्या कुणाला धावायचं असेल तर आधी डॉक्टरला दाखवा, रक्तदाब किंवा मधुमेह असणाऱ्यांनी तर नक्कीच, मग हळूहळू वाढवा.

पुढच्या अंकात पुन्हा हुमणीकडे वळू.

जय सहकार!

— ऊस विकास अधिकारी