मोटारगाडीतील शीतन-पंख्याचा आवाज : कारणमीमांसा व निदानपद्धती

सारांश :
मोटारगाडीच्या इंजिनापुढील पंख्याचा आवाज वाढला की पंखाच बिघडला, असा सर्वसाधारण समज आढळतो. प्रत्यक्षात हा आवाज तीन भिन्न कारणांनी निर्माण होऊ शकतो : पंख्यातील यांत्रिक दोष, पंख्याला मिळणाऱ्या आज्ञेतील दोष, अथवा पंख्याशी संबंध नसलेल्या अन्य भागाचा बिघाड. या तिन्हींचा उपाय वेगळा असल्याने दुरुस्तीपूर्वी निदान होणे अगत्याचे ठरते. प्रस्तुत लेखात लहान पेट्रोल मोटारगाडीतील विद्युत पंखा हे मुख्य उदाहरण घेऊन या निदानाचा क्रम व त्यामागील शास्त्रीय आधार स्पष्ट केला आहे.

बीजसंज्ञा : शीतन-व्यवस्था, रेडिएटर, विद्युत पंखा, असंतुलन, बेअरिंग, निदान.

प्रस्तावना :
इंजिनात जळणाऱ्या इंधनाच्या सर्वच ऊर्जेचे गतीत रूपांतर होत नाही. ढोबळमानाने एक-चतुर्थांश ते एक-तृतीयांश ऊर्जा उष्णतेच्या रूपाने शीतन-द्रवाकडे, म्हणजेच कूलंटकडे जाते. हा द्रव वॉटर पंपाच्या साहाय्याने रेडिएटरमध्ये येतो व तेथील बारीक नळ्यांमधून वाहताना आपली उष्णता हवेला देतो. गाडी वेगात असताना समोरून येणारा वारा या कामी पुरेसा असतो. ताशी ६० किलोमीटर वेग म्हणजे सेकंदाला सुमारे १६.७ मीटर वेगाचा वारा होय. गाडी सिग्नलला उभी राहिली अथवा घाटातील कोंडीत अडकली की हा वारा थांबतो आणि सर्व भार पंख्यावर येतो.

पूर्वीच्या ॲम्बेसेडर, प्रीमियर पद्मिनी यांसारख्या गाड्यांत इंजिन लांबीच्या दिशेने बसविलेले असून पंखा पट्ट्याच्या साहाय्याने इंजिनाच्याच गतीने फिरत असे. १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० मध्ये इंजिन आडवे बसविलेले होते आणि रेडिएटरमागे स्वतंत्र विद्युत पंखा होता. पुढे आडव्या इंजिनाच्या लहान गाड्यांत हीच रचना रूढ झाली. या बदलाचा निदानाशी जवळचा संबंध आहे. पट्ट्यावरील पंखा इंजिन फिरेल तोवर फिरतो, तर विद्युत पंखा आवश्यकतेनुसार सुरू व बंद होतो. त्यामुळे आवाज कोणत्या वेळी येतो, या प्रश्नाला विद्युत पंख्याच्या बाबतीत मोठे महत्त्व प्राप्त झाले.

पंख्याचा स्वाभाविक आवाज :
सदोष आवाज ओळखण्यापूर्वी निर्दोष आवाज कोणता, हे ध्यानात घेणे आवश्यक आहे. पंख्याचे प्रत्येक पाते एका ठरावीक बिंदूवरून जाताना हवेला धक्का देते. ७ पात्यांचा पंखा मिनिटाला २४०० फेरे घेत असल्यास सेकंदाला ४० फेरे होतात आणि ७ गुणिले ४० म्हणजे २८० हर्ट्झ कंपनसंख्येचा गुणगुणता स्वर निर्माण होतो. अनेक पंख्यांत पात्यांमधील अंतर मुद्दाम असमान ठेवलेले असते, ते हा एकच स्वर ठळक होऊ नये म्हणून.

गती वाढली की आवाज सम प्रमाणात वाढत नाही. पंख्याची गती दुप्पट झाल्यास हवेचा प्रवाह दुप्पट होतो, त्यासाठी लागणारी शक्ती मात्र आठपट होते आणि आवाज सुमारे १५ डेसिबलने वाढतो. म्हणून मंद गतीवर जेमतेम ऐकू येणारा पंखा पूर्ण गतीवर घोंघावू लागतो. हा घोंघावणारा आवाज स्वतःहून दोषाचे लक्षण नाही. पंखा पूर्ण गतीने का फिरत आहे, हा खरा प्रश्न असतो.

उष्ण प्रदेशात हा मुद्दा अधिक महत्त्वाचा ठरतो. रेडिएटरमधून बाहेर जाणारी उष्णता ही द्रव व हवा यांच्या तापमानातील फरकावर अवलंबून असते. द्रवाचे तापमान ९५ अंश सेल्सिअस व हवेचे २० अंश असल्यास हा फरक ७५ अंशांचा असतो. चंद्रपूर किंवा नागपूर येथील मे महिन्यात हवा ४५ अंशांवर गेली की तोच फरक ५० अंशांवर येतो. म्हणजेच तेवढ्याच हवेने दोन-तृतीयांश इतकीच उष्णता वाहून नेली जाते. अशा वेळी पंखा अधिक काळ व अधिक गतीने फिरणे हे व्यवस्थेच्या आरोग्याचेच लक्षण मानावे लागेल.

आवाजाचे स्वरूप :
मराठी भाषेत आवाजाच्या छटा दर्शविणारे अनुकरणवाचक शब्द विपुल आहेत. गाडीमालक गॅरेजमध्ये जाऊन ‘घरघर येते’ किंवा ‘टकटक होते’ असे सांगतो, तेव्हा तो नकळत निदानास उपयुक्त माहितीच पुरवीत असतो. या शब्दांचा व संभाव्य कारणांचा संबंध पुढीलप्रमाणे मांडता येईल.

१) टकटक किंवा खरखर : पंख्याच्या प्रत्येक फेऱ्यासोबत येणारी नियमित टकटक ही पाते कशाला तरी लागत असल्याची खूण होय. अडकलेले पान, सुटलेली वायर किंवा पंख्याभोवतीचे प्लॅस्टिकचे आच्छादन, म्हणजे श्राउड, ही नेहमीची कारणे आहेत. आच्छादनाच्या आतील बाजूस ताजा चरा दिसल्यास शंकेला जागा राहत नाही.

२) घुमणारी थरथर : पंखा सुरू होताच स्टिअरिंग किंवा डॅशबोर्ड थरथरू लागणे हे असंतुलनाचे लक्षण आहे. पात्याचा तुकडा निघणे, चिखल वाळून एका बाजूस चिकटणे यांमुळे ते उद्भवते. अक्षापासून १५ सेंटिमीटर अंतरावर केवळ १० ग्रॅम वजनाचा फरक असल्यास २४०० फेऱ्यांच्या गतीवर सुमारे ९५ न्यूटन इतके केंद्रोत्सारी बल निर्माण होते. साधारण साडेनऊ किलोग्रॅम वजनाइतका हा भार सेकंदाला ४० वेळा दिशा बदलून बेअरिंगवर पडत राहतो.

३) चिरचिर : सुरू होताना किंवा थांबताना येणारी बारीक, कर्कश चिरचिर बहुधा मोटरीतील कोरड्या पडलेल्या बुशमधून येते. असे बुश सच्छिद्र धातूचे असून त्यांच्या छिद्रांत तेल मुरवलेले असते. धूळ व उष्णता यांमुळे ते तेल कालांतराने संपते.

४) घरघर : गतीबरोबर वाढत जाणारी जाड घरघर ही झिजलेल्या बेअरिंगची असते. पंखा हाताने फिरविल्यास खडबडीतपणा बोटांना जाणवतो.

५) अचानक व पूर्ण आवाजात घोंघावणे : येथे पंखा यांत्रिकदृष्ट्या निर्दोष असण्याची शक्यता अधिक असते. त्याचे विवेचन पुढे स्वतंत्रपणे केले आहे.

आज्ञेतील दोष :
अनेक गाड्यांत पंख्याला मंद व पूर्ण अशा दोन गती असतात. मंद गतीसाठी वीजप्रवाह एका रोधकामधून, म्हणजे रेझिस्टरमधून, नेलेला असतो. हा रोधक जळाल्यास मंद गती नाहीशी होते. द्रवाचे तापमान आणखी चढेपर्यंत पंखा स्तब्ध राहतो आणि मग एकदम पूर्ण गतीने सुरू होतो. मालकाला मात्र ‘पंखा हल्ली फार आवाज करतो’ एवढेच जाणवते. अशा वेळी पंख्याची मोटर बदलणे म्हणजे रोग एकीकडे व औषध दुसरीकडे असा प्रकार होय.

तापमान-संवेदक निकामी झाल्यासही असेच घडते. अनेक गाड्यांतील नियंत्रक संगणक संवेदकाकडून विश्वसनीय माहिती न मिळाल्यास खबरदारी म्हणून पंखा सतत चालू ठेवतो. थंड इंजिन सुरू करताच, वातानुकूलन बंद असूनही, पंखा पूर्ण गतीने फिरू लागल्यास प्रथम या संवेदकाची व त्याच्या वायरीची तपासणी करावी. याखेरीज कूलंटची कमतरता व रेडिएटरच्या पत्र्यांत साठलेली माती यांमुळेही पंख्याला अधिक काळ राबावे लागते. येथे आवाज हा व्यवस्थेतील अन्य दोषाचा निरोप असतो.

निदानाचा क्रम :
निदानाचे तत्त्व सोपे आहे. प्रत्येक चाचणीने संभाव्य कारणांपैकी काही कारणे निश्चितपणे बाद झाली पाहिजेत. त्या दृष्टीने पुढील क्रम उपयुक्त ठरतो.

पहिली पायरी, आवाज पंख्याचाच आहे का? थंड इंजिन सुरू करून वातानुकूलन बंद ठेवावे. पंखा स्तब्ध असताना आवाज येत असल्यास पंखा संशयातून मुक्त होतो. मग वॉटर पंप, अल्टरनेटर, पट्टा ताणणारी पुली यांकडे लक्ष वळवावे. याउलट, काही गाड्यांत तापलेले इंजिन बंद केल्यावरही पंखा काही काळ फिरतो. त्या अवस्थेत आवाज कायम असल्यास पट्ट्यावर चालणारे सर्व भाग बाद ठरतात.

दुसरी पायरी, ॲक्सिलरेटरशी संबंध. इंजिनाची गती वाढविताच आवाजाची पट्टीही त्याच प्रमाणात चढत असेल, तर तो विद्युत पंख्याचा आवाज नव्हे, कारण या पंख्याची गती इंजिनाच्या फेऱ्यांवर अवलंबून नसते.

तिसरी पायरी, हाताने व डोळ्यांनी तपासणी. ती करण्यापूर्वी इंजिन थंड होऊ द्यावे आणि बॅटरीची ऋण तार काढून ठेवावी. इंजिन बंद असतानाही विद्युत पंखा अकस्मात सुरू होऊ शकतो व बोटांना गंभीर इजा करू शकतो, हे विसरता कामा नये. नंतर पाती मोजावीत, तडे पाहावेत, पंखा सावकाश फिरवावा आणि अक्ष वर-खाली व पुढे-मागे हलतो का, ते तपासावे.

चौथी पायरी, आज्ञेची तपासणी. यांत्रिक दोष न आढळल्यास दोन्ही गती मिळतात का, रिले, रोधक व संवेदक योग्य काम करतात का, हे वीजतंत्रज्ञाकडून पाहून घ्यावे.

लांबीच्या दिशेने इंजिन असलेल्या जीप-वर्गीय वाहनांपैकी अनेकांत पट्ट्यावरील पंख्याला सिलिकॉन द्रवाचा क्लच जोडलेला असतो. पुढील द्विधातू पट्टी तापली की हा द्रव क्लचच्या कार्यकक्षात येतो व पंखा इंजिनाच्या गतीला जोडला जातो. सकाळी प्रथम सुरू करताना रात्रभर त्या कक्षात उतरलेल्या द्रवामुळे काही मिनिटे घोंघावणारा आवाज येणे स्वाभाविक आहे. तो गाडी चालू लागल्यावरही थांबत नसेल, तर क्लच जखडला आहे असे समजावे.

कारण आणि परिणाम यांतील गल्लत :
निदानात सर्वाधिक चुका परिणामालाच कारण मानल्याने होतात. बुश झिजला की अक्ष खाली झुकतो व पाते आच्छादनाला घासू लागते. येथे आच्छादन तासून टकटक थांबविता येते, परंतु झीज तशीच चालू राहते. दुसऱ्या बाजूने, पाते तुटल्याने बेअरिंग खराब झाले असेल आणि तुटके पाते तसेच ठेवून केवळ मोटर बदलली, तर नवे बेअरिंगही त्याच वाटेने जाते. म्हणून प्रत्येक सापडलेल्या दोषाबाबत ‘हा दोष कशामुळे उद्भवला?’ असा आणखी एक प्रश्न विचारणे इष्ट ठरते.

याहून गंभीर गल्लत आवाज थांबण्याविषयी होते. कोरड्या बुशमुळे मोटर जड फिरते व अधिक वीजप्रवाह ओढते. १२ व्होल्टवर २४० वॅटच्या पंख्याला मुळातच २० अँपिअर प्रवाह लागतो. त्यात वाढ झाल्यास फ्यूज किंवा रिले जळतो आणि आवाज एकाएकी बंद होतो. मालकाला दिलासा वाटतो. वस्तुतः त्या क्षणापासून इंजिन पंख्याविना चालत असते. मोकळ्या रस्त्यावर काही जाणवत नाही, पण पुढच्याच कोंडीत तापमानाचा काटा चढू लागतो. ॲल्युमिनिअमचे उष्णताजन्य प्रसरण ओतीव लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट असते. त्यामुळे अतिशय तापल्यावर ॲल्युमिनिअमचे सिलिंडर हेड वाकते व हेड गॅस्केट निकामी होते. पंख्याच्या किरकोळ दुरुस्तीच्या जागी इंजिन उघडण्याचा खर्च येतो, तो असा.

काटा चढल्याचे दिसल्यास वातानुकूलन बंद करून हीटर पूर्ण क्षमतेने चालू करावा, कारण हीटर द्रवातील काही उष्णता बाहेर काढतो. शक्य तितक्या लवकर गाडी सुरक्षित जागी थांबवून इंजिन बंद करावे. तापलेल्या रेडिएटरचे झाकण मात्र मुळीच उघडू नये. दाब अचानक कमी झाल्याने उकळता द्रव उसळून अंगावर येतो.

निष्कर्ष :
१) पंख्याचा वाढलेला आवाज हे लक्षण आहे. केवळ त्यावरून पंखा बदलणे अशास्त्रीय व खर्चिक ठरते.
२) आवाज कसा आहे याच्या जोडीने तो केव्हा येतो व कशाबरोबर बदलतो, ही निरीक्षणे निदानास निर्णायक साहाय्य करतात. ती मालक स्वतः, कोणत्याही उपकरणाविना, नोंदवू शकतो.
३) घोंघावणारा पंखा बहुधा आपले काम करीत असतो. घासणारा, थरथरणारा किंवा घरघरणारा पंखा दुरुस्ती मागत असतो.
४) दुरुस्तीविना आपोआप थांबलेला आवाज हा सर्वांत धोक्याचा मानावा आणि पंखा प्रत्यक्ष फिरतो की नाही, हे पाहिल्याशिवाय गाडी गर्दीच्या किंवा घाटाच्या रस्त्यावर नेऊ नये.